रॅकेटची जाळी : पंचावन्न पाउंड खरेच पंचावन्न असतात का?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात टेनिस हा काही गावोगावी खेळला जाणारा खेळ नव्हे. कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि क्रिकेट यांतून वेळ उरला तर मुले त्याच्याकडे वळतात. पण ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. पहिला सेट २-६ असा गमावून, दुसरा ६-३ असा जिंकून आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा खिशात घालून मिळवलेले हे पदक होते. त्यानंतर आमच्या शाळेतल्या मुलांनीही मैदानाच्या एका कोपऱ्यात फक्की मारून कोर्ट आखले. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या दोन जुन्या रॅकेटी शाळेला दिल्या.

वर्षभरात त्यांतल्या एका रॅकेटचे धागे तुटले. शहरातल्या एका दुकानात ती नव्याने जाळी भरण्यासाठी, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘गटिंग’साठी दिली. ‘‘पंचावन्न पाउंडांवर करून द्या,’’ असे मी ऐकीव ज्ञानावर सांगितले. दोन दिवसांनी रॅकेट परत आली ती काहीशी वेगळीच दिसली. आठवीतल्या एका मुलीने ती दुसऱ्या रॅकेटवर ठेवून पाहिली आणि म्हणाली, ‘‘सर, ही बुटकी झालीय.’’ पट्टीने मोजले तर तिचे म्हणणे खरे होते. डोक्याची लांबी जवळजवळ एक सेंटिमीटरने घटली होती आणि रुंदी साधारण तेवढीच वाढली होती. महिन्याभरात ती फ्रेम तडकली. शाळेच्या दोन रॅकेटींपैकी एक गेली.

पंचावन्न पाउंड सांगितले होते, पंचावन्नच लावले असे दुकानदारही म्हणत होता. मग चुकले काय? या प्रश्नाच्या मागे लागल्यावर जे हाती आले ते नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राचेच निघाले. तरफ, घर्षण, स्थितिस्थापकता, ऊर्जेचे रूपांतर आणि तारेची कंपने एवढी सारी प्रकरणे त्या जाळीत विणलेली आहेत.

जाळीचे काम काय?

‘जाळी जितकी घट्ट तितका फटका जोरदार’ असे बहुतेकांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ती समजण्यासाठी आधी चेंडूकडे पाहू.

टेनिसच्या नियमांनुसार नेहमीच्या प्रकारचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून काँक्रीटवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटरपर्यंत उसळला पाहिजे. म्हणजेच पडताना असलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ५५ टक्के ऊर्जाच त्याला परत मिळते. उरलेली ४५ टक्के ऊर्जा रबर दबण्या-फुगण्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जोरदार फटक्यात चेंडू अधिक चपटा होतो, तेव्हा हे नुकसान आणखी वाढते. ऊर्जेच्या बाबतीत चेंडू हा असा उधळा गडी आहे.

रॅकेटच्या जाळीचा स्वभाव याच्या उलट आहे. ताणलेल्या धाग्यांत साठलेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ ९५ टक्के ऊर्जा ते परत देतात. चेंडू जाळीवर आदळतो तेव्हा दोन स्प्रिंगा एकमेकींवर दाबल्या जातात, एक चेंडूची आणि दुसरी जाळीची. दोघींवरचे बल सारखेच असते, पण जी अधिक मऊ ती अधिक दबते आणि अधिक ऊर्जा साठवते. जाळी सैल असेल तर ती जास्त खोल जाते आणि चेंडू कमी चपटा होतो. ऊर्जेचा मोठा वाटा काटकसरी जाळीकडे जातो आणि चेंडूला परत मिळतो. जाळी घट्ट असेल तर चेंडूच चपटा होतो आणि ऊर्जा गमावून बसतो.

फरशीवर उड्या मारणारे मूल आणि सुंभाने विणलेल्या बाजेवर उड्या मारणारे मूल आठवा. बाज त्याला उचलून देते, फरशी देत नाही. जाळीचेही तसेच आहे.

मात्र हा फायदा वाटतो तेवढा मोठा नसतो. ताण दहा पाउंडांनी कमी केला तरी चेंडूच्या वेगात पडणारा फरक एक-दोन टक्क्यांच्या आसपासच असतो. मग सैल जाळीने मारलेला चेंडू खेळाडूला इतका लांब गेल्यासारखा का वाटतो? चेंडू जाळीला साधारण पाच सहस्रांश सेकंद चिकटून असतो. जाळी सैल असेल तर हा काळ किंचित वाढतो. तेवढ्यात रॅकेट वरच्या दिशेने थोडी अधिक सरकते आणि चेंडू थोड्या अधिक चढ्या कोनात निघतो. कोनातला हा लहानसा फरक पलीकडच्या रेषेपर्यंत जाताना मोठा होतो. म्हणून अनुभवी खेळाडू म्हणतात, सैल जाळी जोर देते आणि घट्ट जाळी ताबा देते.

शिक्षकांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. घट्ट जाळीवर धक्का कमी वेळात आणि म्हणून अधिक तीव्र बलाने बसतो. तो हातातून कोपरापर्यंत जातो. मुलांच्या रॅकेटीवर ‘मोठ्या खेळाडूसारखे’ जास्त पाउंड लावण्यात शहाणपण नाही. प्रत्येक रॅकेटीवर उत्पादकाने ताणाची मर्यादा छापलेली असते. शिकणाऱ्यांसाठी त्या मर्यादेतली खालची बाजू बरी.

चार क्विंटलांचा भार

आता फ्रेमकडे वळू. पंचावन्न पाउंड म्हणजे सुमारे २५ किलोग्रॅम वजनाएवढे बल, शास्त्रीय भाषेत सुमारे २४५ न्यूटन. आजच्या पुष्कळ रॅकेटींत १६ उभे आणि १९ आडवे धागे असतात. प्रत्येक उभा धागा फ्रेमचा माथा मुठीकडे ओढत असतो. १६ धागे गुणिले २५ किलो म्हणजे ४०० किलो! चार क्विंटलांचा हा भार सुमारे तीनशे ग्रॅम वजनाची फ्रेम पेलते. आडव्या धाग्यांचा भार याहून थोडा जास्तच असतो, कारण त्यांची संख्या अधिक असते. तो दोन्ही बाजूंना आत ओढतो.

लंबवर्तुळाकार कडे वरून-खालून दाबले तर ते बुटके आणि रुंद होते. बाजूंनी दाबले तर ते लांब आणि अरुंद होते. दोन्हीकडून योग्य प्रमाणात दाबले तर मूळ आकार टिकतो. पूर्ण विणलेल्या रॅकेटीत उभ्या आणि आडव्या धाग्यांची ही ओढाताण बरोबरीत सुटलेली असते. म्हणून धोका असतो तो काम अर्धवट असताना. उभे धागे पूर्ण ताणलेले आणि आडवे अजून न घातलेले, ही फ्रेमच्या आयुष्यातली सर्वांत कठीण घटका होय. त्यासाठीच गटिंगच्या यंत्रावर फ्रेम दोन किंवा सहा ठिकाणी आतून-बाहेरून आधार देऊन पक्की धरलेली असते.

आमच्या रॅकेटचे कोडे येथे उलगडले. चौकशी करता कळले, की उभे धागे ताणून झाल्यावर दुकान बंद करायची वेळ झाली. रॅकेट आधारावरून काढून रात्रभर तशीच ठेवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी आडवे धागे हातानेच ओढून भरले गेले. उभ्या धाग्यांना पंचावन्न पाउंड मिळाले होते, आडव्यांना त्याच्या निम्मेही मिळाले नसावेत. फ्रेम बुटकी झाली यात नवल ते काय?

गटिंग कसे करतात?

या कामात घाई चालत नाही. सरावलेल्या हातालाही एका रॅकेटीसाठी साधारण अर्धा तास लागतो. कामाचा क्रम असा असतो.

प्रथम जुनी जाळी कापतात. तीही कोठूनही नाही. मधोमध सुरुवात करून, उभे आणि आडवे धागे आळीपाळीने कापत कडेकडे जातात, म्हणजे फ्रेमवरचा भार सगळीकडून सारखा उतरतो. त्याआधी कोणता धागा कोणत्या छिद्रातून गेला आहे याचे चित्र काढून ठेवणे नवशिक्याला फार उपयोगी पडते, कारण सगळीच छिद्रे उभ्या धाग्यांसाठी नसतात. मग छिद्रांत बसवलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, म्हणजे ग्रॉमेट, तपासतात. नळी फुटलेली असेल तर फ्रेमची धार नव्या धाग्याला कापते.

एका रॅकेटीला पुरणारा धागा बाजारात साधारण १२ मीटर लांबीच्या गुंडाळीत मिळतो. तो दोन प्रकारे वापरतात. एकसंध पद्धतीत एकाच धाग्याने उभे आणि आडवे दोन्ही भरतात व शेवटी दोन गाठी येतात. दोन तुकड्यांच्या पद्धतीत उभ्यांसाठी एक आणि आडव्यांसाठी दुसरा धागा वापरतात व गाठी चार येतात. दुसऱ्या पद्धतीत उभे आणि आडवे धागे वेगळ्या जातीचे किंवा वेगळ्या ताणाचे ठेवता येतात. शिवाय आडवे धागे नेहमी माथ्याकडून मुठीकडे भरता येतात. मुठीजवळच्या भागाला दांड्यांचा आणि मधल्या पुलाचा आधार असल्यामुळे तो भक्कम असतो. विणताना सरकत जाणारा दाब त्या बाजूला नेणे फ्रेमच्या हिताचे असते.

उभे धागे मधून सुरू होतात. धाग्याची दोन टोके मधल्या दोन छिद्रांतून ओवून घेतात. एक धागा यंत्राने ताणतात, फ्रेमच्या अगदी जवळ चिमट्यात पकडतात, मग यंत्राची ओढ सोडतात आणि पुढच्या छिद्रातून ओवून पुढचा धागा ताणतात. उजवीकडे एक-दोन झाले की डावीकडे तितकेच. एका बाजूचे सगळे आधी उरकले तर फ्रेम त्या बाजूला मुरडते. गावाकडे बैलगाडीत पोती भरताना आपण दोन्ही बाजूंचा तोल सांभाळत भरतो, त्यातलाच हा प्रकार.

चिमटा फ्रेमच्या जवळ का? कारण यंत्राची ओढ सुटताच चिमटा आणि फ्रेम यांच्यामधला धाग्याचा तुकडा सैल पडतो आणि चिमटाही किंचित मागे सरकतो. हे अंतर जितके कमी, तितका गमावलेला ताण कमी.

आडवे धागे म्हणजे खरे विणकाम. एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, आणि पुढच्या ओळीत बरोबर उलट. एका हाताची बोटे जाळीच्या वर आणि दुसऱ्याची खाली ठेवून धागा टोकाने पुढे ढकलत नेतात. जाणकार कारागीर येथे एक युक्ती करतात. आत्ताची ओळ ताणण्याआधीच ते पुढची ओळ विणून ठेवतात. शेजारची ओळ सैल असताना उभे धागे सहज वर-खाली होतात आणि विणताना घर्षण कमी होते. लांब धागा ओढून घेताना तो एकाच जागी न ओढता हात पंख्यासारखा वर-खाली फिरवत ओढतात. तसे न केल्यास घर्षणाने उभ्या धाग्यांवर खाचा पडतात, आणि नवी जाळी पहिल्याच आठवड्यात तेथे तुटते. प्रत्येक ओळ ताणण्यापूर्वी बोटांनी सरळ करायची असते. ताणल्यावर सरळ करायला गेले तर तिचा ताण बदलतो.

शेवटी गाठ. ती आधीच ताणलेल्या धाग्याभोवती, त्यासाठी ठेवलेल्या थोड्या मोठ्या छिद्रापाशी, दोन अर्ध्या गाठी घालून मारतात. छिद्र अरुंद असेल तर काही जण दाभणासारख्या टोच्याने ते मोकळे करतात. टोच्याचे टोक शेजारच्या धाग्याला लागले तर सारी मेहनत फुकट जाते, म्हणून हे काम फार जपून करावे लागते.

ताण देणारी यंत्रे

पंचावन्न पाउंडांचा आकडा येतो कोठून? यंत्रे मुख्यतः तीन प्रकारची असतात.

पहिले सर्वांत साधे आणि शिक्षकाला सर्वांत प्रिय व्हावे असे आहे, वजनाचे यंत्र. एका दांड्याच्या टोकाला लहान ढोल असतो, त्यावर धागा पकडलेला असतो, आणि दांड्यावर वजन मागेपुढे सरकवता येते. आघूर्णाचा नियम सरळ लागू करा. समजा ढोलाची त्रिज्या २ सेंटिमीटर आहे आणि २ किलोचे वजन आसापासून २५ सेंटिमीटरवर आहे. दांड्याचे स्वतःचे वजन सोडून दिले तर धाग्यावरची ओढ २ × २५ ÷ २ = २५ किलो येते. अट एवढीच, की दांडा आडवा, जमिनीला समांतर झाला पाहिजे. तो थोडा तिरपा राहिला तर? १० अंशांच्या कलाला कोसाइनची किंमत ०.९८५ असते, म्हणजे चूक फक्त दीड टक्क्याची. त्रिकोणमितीच्या तासाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. या यंत्राचा आणखी एक गुण असा, की धागा हळूहळू लांबला तरी वजन खाली येत ओढतच राहते. ओढ कायम असते.

दुसरे हाताने फिरवायचे यंत्र. त्यात स्प्रिंग असते. ठरवलेला ताण आला की ‘खट्’ असा आवाज होऊन यंत्र जागच्या जागी अडकते. हे काम जलद होते, पण अडकल्यावर ओढ थांबते. धागा मात्र लांबत राहण्याच्या बेतात असतो. तो आपल्या आत सैलावतो आणि काही क्षणांतच ताण काही टक्क्यांनी घसरतो.

तिसरे विजेवर चालणारे यंत्र. ते ताण सतत मोजते आणि घसरला की पुन्हा ओढते. पुण्यात बालेवाडी येथे २०१८ ते २०२३ या काळात पाच वेळा भरलेल्या ‘महाराष्ट्र ओपन’सारख्या व्यावसायिक स्पर्धांत अशी यंत्रे वापरतात. तेथे गटिंगवाल्यांना अखंड काम असते, कारण मोठे खेळाडू एका सामन्यात अनेक रॅकेटी वापरतात. पहिल्या सात आणि नंतर दर नऊ गेम्सनंतर चेंडू बदलले जातात, तेव्हा पुष्कळ जण रॅकेटही नवी घेतात.

यातून एक निष्कर्ष निघतो. एका दुकानातले पंचावन्न आणि दुसऱ्या दुकानातले पंचावन्न सारखे असतीलच असे नाही. आकडा यंत्रावर असतो, ताण मात्र रॅकेटीत असतो. म्हणूनच एका कारागिराचे काम मानवले की खेळाडू सहसा तो बदलत नाहीत.

ताण जातो कुठे?

कारागिराने सारे नीट केले तरी पंचावन्न पाउंड टिकत नाहीत. याची कारणे तीन.

पहिले घर्षण. आडवा धागा सोळा उभ्या धाग्यांच्या वर-खाली वळणे घेत जातो आणि प्रत्येक वळणावर ओढीचा थोडा भाग खर्च होतो. खुंट्याला दाव्याचे दोन-तीन वेढे दिले की ओढ घेणारा बैलही एका हाताने धरता येतो, त्यामागचे तत्त्व हेच. यंत्राजवळच्या टोकाला जेवढा ताण असतो तेवढा दूरच्या टोकाला पोचत नाही.

दुसरे, चिमट्याचे आणि गाठीचे सरकणे. ते वर आलेच आहे.

तिसरे कारण धाग्याच्या द्रव्यातच आहे. नायलॉनसारखे बहुवारिक म्हणजे लांबलचक रेणूंचा गुंता. ताण पडला की हे रेणू एकमेकांवरून हळूहळू घसरतात आणि सरळ होतात. लांबी तीच, पण ताण कमी, असे हे ताण-शैथिल्य असते. ते सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. नायलॉनची नवी जाळी चेंडू न मारताही पहिल्या दिवसात साधारण दहा टक्के ताण गमावते. उन्हाळ्यात मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली रॅकेट आणखी सैलावते, कारण तापमान वाढले की रेणूंचे घसरणे सोपे होते.

सैल पडलेल्या बाजेला पायथ्याकडची ताणदोरी असते. ती ओढून बांधली की बाज पुन्हा ताठ होते. रॅकेटीला अशी सोय नाही. ताण उतरला की जाळी कापायची आणि नवी भरायची, दुसरा मार्ग नाही.

तातीपासून पॉलिएस्टरपर्यंत

कापूस पिंजणाऱ्याच्या धनुकलीला जी तात असते, तीच रॅकेटची पहिली सामग्री. जनावरांच्या आतड्याच्या आवरणाचे पट्टे पिळून, वाळवून ही तात बनवतात. इंग्रजीतला ‘कॅटगट’ हा शब्द फसवा आहे, मांजराचा त्याच्याशी संबंध नाही. वाल्टर विंगफील्ड यांनी लॉन टेनिसच्या साहित्याचे पेटंट १८७४ मध्ये घेतले. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, फ्रान्समधील लियों येथे बाबोला या तात बनवणाऱ्या कंपनीने रॅकेटसाठी धागे करण्यास सुरुवात केली. दीडशे वर्षांनंतरही ताण टिकवण्यात आणि ऊर्जा परत देण्यात नैसर्गिक तात सर्वांत सरस मानली जाते. पण ती महाग असते आणि ओलावा तिला सोसत नाही.

नायलॉनने खेळ सामान्यांच्या आवाक्यात आणला. शाळांसाठी आजही तोच योग्य. पॉलिएस्टर हा ताठ, गुळगुळीत धागा. १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने अशा धाग्यांनी फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि व्यावसायिक खेळाडूंचे लक्ष तिकडे गेले. या धाग्याचे मर्म त्याच्या गुळगुळीतपणात आहे. चेंडूला घासून फटका मारला की उभे धागे आडव्यांवरून बाजूला सरकतात आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी झटक्याने जागेवर परत येतात. तो झटका चेंडूला फिरकी देतो. पण पॉलिएस्टरचा ताण नायलॉनहून लवकर उतरतो आणि त्याचा ताठपणा हाताला त्रासदायक ठरू शकतो. रॉजर फेडररसारखे खेळाडू उभे धागे तातीचे आणि आडवे पॉलिएस्टरचे वापरत, ते दोन्हींचे गुण साधण्यासाठी.

धाग्यांच्या सरकण्यात किती शक्ती आहे हे १९७७ मध्येच दिसले होते. जर्मनीच्या वेर्नर फिशर यांनी एक विचित्र जाळी तयार केली. तीत उभ्या धाग्यांचे दोन थर होते, ते आडव्यांत विणलेलेच नव्हते. उभे धागे मोकळेपणी सरकत आणि चेंडूला अफाट फिरकी मिळे. ‘स्पॅगेटी रॅकेट’ या नावाने ती गाजली. त्या वर्षी एक्स-आं-प्रोव्हान्स येथील अंतिम सामन्यात इली नास्तासेने ती वापरली. मातीच्या कोर्टावर सलग ५३ सामने जिंकलेल्या गियेर्मो विलासने दोन सेट गमावल्यावर चिडून सामनाच सोडला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने या रॅकेटीवर बंदी घातली आणि १९७८ मध्ये नियम केला. आज नियमच सांगतो, की धागे एकमेकांना छेदतील तेथे आळीपाळीने विणलेले किंवा जोडलेले असले पाहिजेत. विणकामाची एक साधी रीत अशी खेळाचा कायदा झाली.

कानाने ताण ओळखा

आता वर्गात काय करता येईल ते पाहू. ताण मोजायचे सर्वांत स्वस्त उपकरण आपल्याजवळच आहे, ते म्हणजे कान. पिंजारी तातीच्या टणत्कारावरूनच तिचा ताण जोखतो.

ताणलेल्या तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. स्वरमापीवर हे सहज दाखवता येते. मासेमारीचा नायलॉनचा बारीक दोरा घोडीवरून नेऊन त्याला आधी एक लिटर पाण्याची बाटली टांगा, मग तशाच चार. ताण चौपट झाला की स्वर बरोबर दुप्पट उंच, म्हणजे एक सप्तक वर जातो.

रॅकेटच्या जाळीलाही हेच लागू पडते. जाळीत रबराचा तुकडा अडकवला असेल तर तो काढा, रॅकेट मुठीत सैल धरा आणि जाळीच्या मध्यावर बोटाने टिचकी मारा. साधारण ५०० ते ६०० हर्ट्झच्या आसपासचा स्वर ऐकू येईल. पेटीवर ‘पांढरी एक’चा तार षड्ज ५२३ हर्ट्झचा असतो, त्याच्या आगेमागे शोधा. जाळी नवी असतानाच तिचा स्वर पेटीवर जुळवून वहीत लिहून ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा तपासा. काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून स्वर एक पट्टी उतरला तर ताण ११ टक्के उतरला, दोन पट्ट्या उतरला तर २१ टक्के आणि तीन पट्ट्या उतरला तर २९ टक्के. हे आकडे कसे आले ते दहावीच्या मुलांना काढायला सांगा. लगतच्या दोन पट्ट्यांतील वारंवारतेचे गुणोत्तर सुमारे १.०६ असते, एवढाच इशारा पुरे. मोबाइलवर वारंवारता दाखवणारे अ‍ॅप असेल तर पेटीचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहता येईल.

दुसरा प्रयोग शैथिल्याचा. एक मीटर नायलॉनच्या दोऱ्याला दोन लिटरची बाटली टांगून खाली पट्टी उभी करा. एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास आणि एक दिवस यांनंतरची लांबी नोंदवून आलेख काढा. वजन तेच असूनही दोरा लांबत राहतो. रॅकेटीत त्याला लांबायला जागा नसते, म्हणून तेथे त्याऐवजी ताण उतरतो.

तिसरा प्रयोग चेंडूचा. चेंडू ठरावीक उंचीवरून आधी फरशीवर सोडा. मग रॅकेटची कड चार विटांवर टेकवून, दोन मुलांनी ती घट्ट दाबून धरली असताना जाळीवर सोडा. तो किती अधिक उसळतो ते मोजले की ऊर्जेचा उधळा कोण आणि काटकसरी कोण हे मुलांना सांगावे लागत नाही.

आमच्या शाळेत आता एकच रॅकेट उरली आहे. तिची जाळी पुन्हा तुटली तेव्हा ती घेऊन आम्ही वेगळ्या कारागिराकडे गेलो. सोबत ती आठवीतली मुलगी होती. आता ती नववीत आहे. तिने त्याला तीन प्रश्न विचारले. फ्रेमला किती ठिकाणी आधार देता? उभे-आडवे एकाच बैठकीत पुरे करता का? यंत्र ओढ कायम ठेवते की अडकते? कारागीर आधी चकित झाला, मग खूश झाला आणि त्याने तिला शेजारी बसवून सारे काम दाखवले. परतल्यावर तिने पट्टीने फ्रेम मोजली. लांबी-रुंदी जशीच्या तशी होती. मग टिचकी मारून स्वर पेटीवर जुळवला आणि वहीत तारीख घालून लिहिला. त्या वहीत आता दर सोमवारी एक नोंद होते.